विचारमणीच्या विमलअक्का

माझा धंदा छपाईचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. इतक्या वर्षांत हजारो लोकांचा मजकूर माझ्या हाताखालून गेला. जो येतो तो शब्द वाढवायला येतो. ‘सुप्रसिद्ध’ टाका, ‘एकमेव’ टाका, अहो ‘भव्य’ राहिलंच की! विमलअक्का पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या त्या एक शब्द काढायला.

त्यांच्या हातात शेजारच्या भिकाभाऊ सोनारांसाठी मीच छापलेली चिठ्ठी होती. दागिन्याच्या डबीत ठेवायची, तळहातापेक्षा लहान. तिच्यावर ‘शुद्ध चांदीचे सुबक दागिने’ असं लिहिलेलं.

“यातला ‘शुद्ध’ काढा,” अक्का म्हणाल्या.

“चांदीच्या चिठ्ठीवर ‘शुद्ध’ लिहायचं नाही, तर काय तुपाच्या डब्यावर?”

“भिकाभाऊ तिच्यात तांबं घालतात. मी समोर बसून बघितलंय. त्याशिवाय चांदी टिकत नाही म्हणे. मग ती शुद्ध कशी?”

“अक्का, सगळेच लिहितात.”

“सगळे लिहितात. का?”

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि खरोखरच उत्तराची वाट बघू लागल्या. मी ‘शुद्ध’ काढला. हे ‘का?’ मी पुढे सात वर्षं दर गुरुवारी ऐकलं.

अक्का धुळ्याच्या. तिथल्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटी शेवटी वर्गात चारच मुलं असायची, त्यातली दोन पंखा चालू असतो म्हणून येऊन बसलेली. त्यामुळे कॉलेजने त्यांना जोडीला इतिहासाचे तास दिले, आणि इतिहास त्यांना इतका आवडला की निवृत्त होईपर्यंत या बाई नक्की कोणत्या विषयाच्या, हे कॉलेजलाही सांगता आलं नसतं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गळा काढायला नको. अक्कांना ते आवडलं नसतं. आणि खरं म्हणजे त्यांची आठवण निघाली की मला आधी हसूच येतं.

उंचीने बेताच्या, पण चालणं एसटी सुटायला आल्यासारखं. खांद्याला खताच्या कंपनीची फुकट मिळालेली कापडी पिशवी. पिशवीत कळण्याच्या भाकरीचा डबा, एक भिंग आणि शाळेतल्या पोरांची असते तशी दोनशे पानी वही. गुरुवारी सकाळी धुळ्याहून निघायच्या, पारोळा-एरंडोल करत दहाच्या सुमाराला जळगावात. बसमध्ये शेजारी जो बसेल त्याच्याशी बोलत यायच्या. एकदा उतरल्या त्या एका कंडक्टरचा पत्ता वहीत घेऊन. म्हणाल्या, “फार विचारी माणूस आहे. तिकीट म्हणजे नेमकं काय, यावर आम्ही पारोळ्यापर्यंत बोललो.”

आता त्यांचे भागीदार भिकाभाऊ. हे असोद्याचे. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, माझ्या दुकानाला लागून, त्यांची सोनारकामाची एका खणाची जागा. रोज असोद्याहून मोटारसायकलवर यायचे आणि डोळ्याला भिंग लावून बसायचे. बोटांत अशी कला की बघत राहावं. पण मोठ्या दुकानांत मशीनवरच्या तयार साखळ्या येऊ लागल्यापासून यांच्या वाट्याला तुटका फासा बदलायचा, जोडवी सैल करायची, एवढंच उरलेलं. अक्का भाचीच्या लग्नाला जळगावात आल्या होत्या, आणि त्यांच्या साखळीचा फासा तुटला म्हणून त्या बोळात शिरल्या. पाच मिनिटांचं काम. अक्का तिथे अडीच तास बसल्या.

“भाऊ, तुमच्या मनानं कधी काही घडवलंय?”

“मनानं घडवलं तं गिऱ्हाईक घेत नही.”

“घेतलं का ते नाही विचारलं. घडवलंत का?”

भिकाभाऊंनी खणाच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. चांदीचं कपाशीचं बोंड. नुकतं उकललेलं, सुपारीएवढं. कित्येक वर्षांपूर्वी केलेलं, कोणासाठीच नाही. अक्कांनी ते भिंगाखाली धरलं आणि त्या जोरात ओरडल्या, म्हणून मी माझ्या दुकानातून धावत गेलो. मला वाटलं हात भाजला.

“अहो, यात सरकीसुद्धा आहे!”

भाचीच्या लग्नाची पंगत उठून गेली, अक्का उपाशी राहिल्या आणि ‘विचारमणी’चा जन्म झाला. अर्थात नाव लगेच ठरलं नाही. अक्कांना ‘मृगजळ’ हवं होतं. दागिन्याच्या मोहाबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सावध केलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. भिकाभाऊंनी हात जोडले. “अक्का, मृगजय म्हटलं तं लोक म्हनतीन चांदीच खोटी हाये. ‘श्री गजानन अलंकार’ ठेवा, काही भानगड नही.” पंधरा दिवस हा वाद माझ्या काउंटरवर चालला. शेवटी ‘विचारमणी’वर तडजोड झाली. भिकाभाऊंना त्यातला ‘मणी’ पटला, अक्कांना ‘विचार’.

दुकान म्हणजे भिकाभाऊंचीच जागा. तिथे एक लाकडी खुर्ची वाढली, एवढंच. इन्स्टाग्रामचं खातं माझ्या दुकानातून चाले, कारण माझ्याकडे उजेड चांगला आणि फोन त्यातल्या त्यात नवा. फोटो बघून पुण्या-नाशकाहून मागण्या येत. पण जो समक्ष येईल त्याला अक्का त्या खुर्चीवर बसवणार, चहा पाजणार आणि विचारणार, “कोणासाठी?” उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला. दीपनगरहून नोकरी करणारी एक मुलगी आली होती, पहिल्या पगारातून स्वतःला अंगठी घ्यायला. “स्वतःसाठी? छान. का?” ती आधी गोंधळली, मग तासभर बोलत बसली आणि अंगठी न घेताच गेली. भिकाभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, “अक्का, आपन दुकान टाकलंय का दवाखाना?” पुढच्या गुरुवारी ती मुलगी परत आली, अंगठी घेतली, आणि येताना अक्कांसाठी पेढे घेऊन आली.

मी जैन. आमच्याकडे अपरिग्रहाचं प्रवचन ऐकून मंडळी बाहेर पडतात ती थेट सराफ बाजारात, हे मीच अक्कांना एकदा गमतीत सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी वही काढली.

“पण कांतीभाऊ, अपरिग्रहाचा अर्थ वस्तू नको असा आहे, की वस्तूला चिकटणं नको असा?”

“अक्का, मी पत्रिका छापतो.”

“म्हणून तर विचारते. महाराजांना विचारलं तर ते सांगतील. तुम्ही विचार कराल.”

त्या रात्री मी जेवताना बायकोला हा प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारला नाही.

डबीतली चिठ्ठी हे आमच्या भांडणाचं कायमचं ठिकाण. प्रत्येक दागिन्यामागे एक विचार किंवा इतिहासातली एखादी गोष्ट असे आणि ती अक्का लिहून आणत. चार पानं. “अक्का, डबी अडीच इंचाची आहे,” मी म्हणायचो. “मग डबी मोठी करा.” “मोठी केली तर लोकांना वाटेल आत हार आहे, आणि निघेल कानातलं.” मग त्या माझ्यासमोर बसून एकेक वाक्य कापत. प्रत्येक वाक्य कापताना असा चेहरा, की मलाच अपराध्यासारखं व्हायचं. एवढं करून तीन ओळी उरल्या की खूश होऊन म्हणायच्या, “बघा, आधी हेच म्हणायचं होतं मला.”

एकदा जळगावातले केळीचे एक मोठे व्यापारी आले. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला दोनशे नग हवे होते, सगळे एकसारखे. भिकाभाऊंनी तर मनात हिशेब मांडून घराला रंगसुद्धा दिला असेल. अक्कांनी शेठजींना बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दोनशे जणांना एकच विचार वाटला, तर त्याला विचार म्हणत नाहीत शेठजी. परिपत्रक म्हणतात.” शेठजी चहा अर्धा टाकून उठले. भिकाभाऊ दोन दिवस माझ्या दुकानात येऊन बसत आणि “परिपत्रक!” एवढंच म्हणत. महिनाभराने तेच शेठजी गाडी लांब लावून बोळात एकटे आले. “बाई आहेत का? आईसाठी एक हवंय. फक्त एक.” अक्कांनी अर्थातच विचारलं, “का?” आणि त्या दिवशी शेठजींनी चहा पूर्ण प्यायला.

अक्कांच्या हातून चुका व्हायच्याच. पण त्यांची चूकसुद्धा अशी, की दुसऱ्या कोणाला करता आली नसती. त्यांना एका लेण्यातल्या शिलालेखातला ‘पोढि’ हा शब्द सापडला. पोढि म्हणजे पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी खडकात टाकं खोदून दिलं आणि तसं लिहून ठेवलं. दोनच ब्राह्मी अक्षरं, दिसायलाही देखणी. अक्कांना याची कानातली करायची होती. “नवऱ्यामुलीने घालावीत अशी. घर म्हणजे काय? दुसऱ्याच्या तहानेची सोय.” भिकाभाऊंनी ठसा कोरला, पत्र्यावर ठोकून चाळीस जोड तयार केले. अक्कांनी एक उचलून भिंग लावलं.

अक्षरं उलटी उमटली होती. ठसा उलटा कोरावा लागतो, हे छापखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. फुलं-पानं उलटी आली तरी चालतात, त्यामुळे भिकाभाऊंना आजवर याची गरजच पडली नव्हती. आणि अक्कांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत सुलट कोरून घेतलं होतं, एकेक वळण तपासून, म्हणून ते दुप्पट निर्धास्त. आता ते घामाघूम झाले. अक्का उठल्या, भिंतीवरच्या आरशापुढे गेल्या, कानातलं कानाशी धरलं आणि हसायला लागल्या.

“भिकाभाऊ, या इकडे. आरशात बघा. सरळ दिसतंय! आणि बाई कानातलं बघते कुठे? आरशातच ना?”

ते चाळीसही जोड गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाला अक्कांनी सांगितलं की ही आमची चूक आहे, आणि प्रत्येकीला वाटलं की बाई विनयाने बोलताहेत.

‘विचारमणी’चा एकच कायदा होता आणि तो प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर मी छापत असे: ‘जुना दागिना येथे आटवला जात नाही.’ कोणी जुनं काही आणलं तर अक्का त्याचं चित्र काढणार, फोटो घेणार, नवीन चांदीत तसंच करून देणार आणि जुनं जपून ठेवा असं बजावून परत करणार. “कांतीभाऊ, आपल्या खानदेशच्या बायकांचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो त्यांच्या अंगावर आहे. आणि आपण तो मुशीत घालतो!” भिकाभाऊंना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या सात पिढ्या मोड आटवूनच जगल्या. पण अक्कांच्या शब्दाबाहेर ते नव्हते.

या कायद्याची गाठ पडली बायजाबाईशी.

बायजाबाई पिंपळनेरकडची. सत्तरीची, सडपातळ, डोक्यावरचा पदर वाऱ्यानेही न हलणारा. अक्कांचा एक जुना विद्यार्थी तिकडे शिक्षक होता, त्याने पाठवलेली. पहाटेची एसटी धरून, धुळ्याला गाडी बदलून ती आमच्या बोळात पोचली. खुर्चीवर बसायला तयार होईना. खालीच बसली आणि गळ्यातली हासळी काढून भिकाभाऊंपुढे ठेवली. गळ्याभोवती बसणारं जाडजूड चांदीचं कडं. मधोमध नक्षी, वापरून वापरून पुसट झालेली.

“हाई आटाडी टाक भाऊ. तीन सऱ्या कर. तीन नाती शेतस मन्हा.”

थोरल्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तिच्या अंगावर तर सरी घालायचीच, पण धाकट्या दोघींनाही त्याच मांडवात द्यायची होती. सरी म्हणजे तशीच गळ्यात बसणारी, पण बारीक. आजीच्या एकातून तिघींना पुरतील.

अक्कांनी हासळी हातात घेतली आणि मी समजलो की आता काही खरं नाही. भिंग निघालं, वही निघाली. “बाई, ही मोडायची नाही. आम्ही नव्या चांदीत तीन सऱ्या करून देतो. ही तुमच्याकडेच राहू द्या.”

“नवी चांदी काय करू? ती ते बजारमा भेटस. माले मन्हा गयानी चांदी देवानी शे.”

“पण का?”

बायजाबाईने त्यांच्याकडे दयेने बघितलं. “मी जित्ती शे तोपावत मन्हा हातखाल वाटी देवानं शे. मांगून पोरीसमा भांडण नको.”

अक्कांनी आठ दिवसांची मुदत मागितली. हासळी त्यांना नीट अभ्यासायची होती. शिकलेली बाई, मास्तरांच्या ओळखीची, एवढं विनवतेय म्हटल्यावर म्हातारी हो म्हणाली आणि रिकाम्या गळ्यावर पदर ओढून बसस्टँडला गेली. ती गेली आणि भिकाभाऊंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

“अक्का, तीन सऱ्या हातानं घडवायले मले आठ दिवस लागतात. तुमी आठ दिवस वहीत घालवसान, तं त्या पोरी मांडवात काय वही घालतीन?”

“भाऊ, एकदा आटवली की ती परत कधीच येणार नाही.”

“आन् ती म्हतारी परत येईन? आपल्याले कोनी विचारलं नही अक्का, तिनं सांगितलं हाये. तिच्या गयातलं काढून तुमी कपाटात ठेवलं, तं ते कोनाचं?”

सात वर्षांत त्यांचं हे एकच खरं भांडण. आठवडाभर भिकाभाऊंनी अक्कांचा फोन घेतला नाही. मला मधल्या मधे दोन्हीकडचे निरोप पोचवावे लागले, आणि दोघंही निरोप गाळून सांग म्हणत. पुढच्या गुरुवारी अक्का आल्या त्या चार पानं लिहून. हासळीच्या आतल्या अंगाला त्यांना एका ओळीत कोरलेली तीन टिंबं सापडली होती. त्यावरून त्यांनी मृग नक्षत्राच्या पोटातले तीन तारे, पेरणीचा काळ, व्यापारी तांड्यांच्या वाटा असं काय काय जोडत नेलं होतं. ते त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून संपतंय तोच बायजाबाई दारात. या वेळी बरोबर मोठी नात, लग्नाची.

अक्कांनी मोठ्या मायेने हासळी तिच्यापुढे धरली. “बाई, ही टिंबं कसली, माहितीये तुम्हाला?”

“त्या टिंबं?” बायजाबाई म्हणाली. “त्या सोनारनी ठोकेल शेतस. आम्ही तीन जावा. सासरानी तिन्हीसले एकसारख्या हासळ्या कऱ्यात. कोनी कोनती, वळखू कशी येवाव? मोठीले एक टिंब, मधलीले दोन. मी धाकली.”

मी हसू दाबलं. भिकाभाऊंनी तोंड फिरवून शेगडी उगाच साफ करायला घेतली. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे ही सासऱ्यांनी नवीन घडवली?”

“नवीन कसानी? मन्ही सासूना हातपायना कडा व्हतात. त्या आटाडीसन ह्या तीन हासळ्या बनाड्यात. सासूले त्या कोठून भेटनात, ती जाने.”

जिने तीस वर्षं पोरांना सगळं बदलतं, सगळं वाहतं असं शिकवलं, ती बाई हातातल्या चार पानांकडे बघत होती. तेवढ्यात नात इतकंच म्हणाली, “मॅडम, आजीनं ही कधी काढली नव्हती. झोपतानासुद्धा नाही. आमच्यासाठी काढली.”

अक्कांनी पानांची घडी केली, पिशवीत टाकली आणि चष्मा पुसला. “भिकाभाऊ, चुकले मी,” त्या म्हणाल्या. एवढं सरळ. मी प्राध्यापक बरेच पाहिले, त्यांची पुस्तकंही छापली. हे वाक्य मी त्यांच्यातल्या कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. “शेगडी पेटवा.”

रीत अशी, की मोड आटताना मालकिणीने समोर बसायचं. बायजाबाई बसली, शेजारी नात आणि तिच्या शेजारी अक्का. मुशीत तुकडे पडले, वर टाकणखाराची चिमूट पडली, आणि ते जाड कडं बघता बघता पाघळून गोल गोळा झालं, वर नुसती चमक. अक्का पुढे वाकून बघत होत्या. पुढे वाकता वाकता त्यांची वेणी शेगडीत जाणार होती, ती नातीने धरली. चांदी साच्यात ओतली तेव्हा अक्का अशा टाळ्या वाजवायला लागल्या की बायजाबाईलाही हसू फुटलं.

“भाऊ, तिन्हीवर टिंबं घाला हं,” अक्का उत्साहाने म्हणाल्या. “एक, दोन, तीन.”

“टिंबं नको व माय,” बायजाबाई म्हणाली. “आम्ही एक घरमा व्हतूत, म्हनीसन टिंबं. ह्या तीन घरे जातीन. कोनसंगे बदलतीन?”

अक्कांनी मान डोलावली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. चिठ्ठीवरचा कायदा त्याच दिवशी मला काढायला सांगितला. भिकाभाऊ आठ दिवसांचं काम सहा दिवसांत करायला बसले, जेवायलाही असोद्याला जाईनात.

लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. सऱ्या घेऊन मी आणि भिकाभाऊ माझ्या गाडीने निघालो, धुळ्याला अक्कांना घेतलं. साक्री मागे पडल्यावर भिकाभाऊंनी तिन्ही सऱ्या मांडीवर काढून पुन्हा एकदा पुसल्या. पिंपळनेरला पोचलो तेव्हा मांडव भरलेला. बायजाबाईने तिघींना ओळीने पाटावर बसवलं आणि आपल्या हाताने एकेकीच्या गळ्यात सरी घातली. कोणी भाषण केलं नाही, वाजंत्री तेवढी जोरात वाजली. भिकाभाऊंना एकाने विचारलं, “कोना हात शे हा?” तर एरवी बोलके भिकाभाऊ नुसते लाजले. मग वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर त्यांनी असा हात मारला, की वाढणाराच दमला.

ऊन कलायला लागलं तसं मी निघायची घाई केली. जळगाव लांब होतं. गाडी सुरू केली, भिकाभाऊ बसले, अक्कांचा पत्ता नाही. मी मागे जाऊन बघितलं. मांडवाच्या कडेला जमिनीवरच त्या बायजाबाईसमोर बसल्या होत्या. बायजाबाईने पदर बाजूला केला होता. गळ्याभोवती, जिथे इतकी वर्षं हासळी होती तिथे, कातडीचा एक फिकट, गुळगुळीत पट्टा होता. बाकीचा गळा उन्हाने रापलेला आणि तो मात्र तरुण मुलीच्या कातडीसारखा. म्हातारीने अक्कांचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं.

“देख. हाई नही आटनं,” ती म्हणाली. “समदं वाटी दिधं. हाई मन्हासंगेच ऱ्हाई.”

अक्कांचं बोट त्या पट्ट्यावरून हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं. पिशवी लांब पडली होती, भिंग तिच्यातच. पुढच्या गुरुवारी अक्कांना ताप होता आणि नंतर त्या जळगावला आल्याच नाहीत. पण ते तेव्हा कुठे माहीत होतं? मी आपला गाडीची किल्ली वाजवत म्हणालो, “अक्का, चला, उशीर होतोय.”

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

“थांबा हो जरा,” त्या म्हणाल्या. “माझं अजून बघून झालं नाही.”